फार गाळलेलं पाणी

अव्वा, तुझा चेहरा आठवायचा तर मला आधी तुझे हात आठवावे लागतात, इतकी वर्षं झाली तुला जाऊन. मी बोलतेय आणि सूनबाई लिहितेय. मला अक्षर येत नाही, तुलाही येत नव्हतं, तेव्हा आपल्या दोघींत लाजायचं काही नाही. शेजारी मशीनची घरघर चालू आहे. सूनबाई म्हणते, "आत्ती, आवाजात नीट ऐकू येत नाही." म्हटलं, तुझ्या नवऱ्याच्या घोरण्यात ऐकू येतं, मग यात काय झालं? हेही तिने लिहून घेतलंय, बघ.

तुझ्या नातवाने, माझ्या लेकाने, हुबळीत समुद्र आणलाय. काचेची टाकी, मिठाचं पाणी, त्यात मासे आणि पोवळी. जन्मभर गळ्यात घातली ती पोवळी जिवंत असतात, त्यांना भूक लागते, हे मला या वयात कळलं. याच्या पहिल्या टाकीला गाळणी छोटी होती. पाणी नासलं आणि सगळं मेलं, घरभर वास. कमरीपेठेतलं दुकान बंद ठेवून हा नुसता टाकीसमोर बसायचा, जेवण पुढे ठेवलं तर ताटाकडे बघत राहायचा. म्हणून या खेपेला याच्या दुप्पट टाकीला पुरेल एवढं मशीन आणलं. ते पाण्याचा फेस करतं आणि फेसाबरोबर घाण वर काढून एका पेल्यात टाकतं. त्यावर लोकरीची पिशवी, मग कोळशाची, मग कसली तरी बारीक खडी. पाणी असं झालंय की मासे हवेत टांगलेले दिसतात. आणि पोवळी पांढरी पडतायत. आधी टोकं, मग फांद्या. जांभळं होतं ते धुऊन धुऊन विटलेल्या खणासारखं झालंय. मागचं एक आज हाडासारखं दिसतंय.

धारवाडचा मासेवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "साहेब, इतकं गाळलं तर यांनी खायचं काय? फेसाचं मशीन थोडा वेळच चालवा." हा म्हणाला, "एकदा नासलेलं बघितलंय मी," आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक पिशवी लावली. पेल्यातलं काळं पाणी तो मोरीत ओततो, तेव्हा मला अळणावरकडचा आपला ओढा दिसतो. मी लहान आहे, घागर भरून झालीय, आणि गाळायचं फडकं मी काठावरच्या धुळीत झटकते. तू हात धरतेस. शेजारच्या जैन अक्कांनी तुला शिकवलेलं, फडकं उलटं करून ओढ्यातच धुवायचं, त्यात अडकलेलं जिथलं तिथं सोडायचं. "तुला कुणी घरातून उचलून उन्हात टाकलं तर?" एवढंच बोललीस. दिवसभर माझ्याशी दुसरं काही बोलली नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं.

आज तुझा नातू माल बघायला बेळगावला गेलाय. जाताना दारातून म्हणाला, "आई, मुट्टबेडा. बोट लावायचं नाही." म्हटलं, माझ्या बोटाला काय मेलं समजतंय. खरंच समजत नाही. टाकीखाली बटणांची रांग आहे, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली. एक पाणी फिरवतं, एक ऊब देतं, एक फेस करतं. चुकीचं दाबलं तर मासे गुदमरतील. सूनबाईला वाचता येतं. काल तिला म्हटलं, फेसाचं थोडा वेळ बंद कर, तर म्हणाली, "तुमचं काय आत्ती, बोलणी मला बसतील." तेही खोटं नाही. फेस बंद केला आणि पुन्हा तो वास सुटला, तर तो मला एक शब्द बोलणार नाही. तिला मात्र उठताबसता ऐकवेल. किती गाळायचं हे मासेवाल्यालाही नेमकं सांगता आलं नाही, मग मी कोण सांगणारी?

अव्वा, हे पत्र तुला जायचं नाही. मी ते तुझ्यासाठी सांगतच नाहीये. वाचणारी एकटीच आहे, ती माझ्यासमोर बसून लिहितेय, आणि तोंडावर सांगितलेलं ती कानाआड करते.

आता मान वर न करता म्हणाली, "तिसरं, आत्ती. फेसाचं तिसरं आहे."

पण उठली नाही. मीही तिला ऊठ म्हणाले नाही. मलाही भीती वाटतेय, अव्वा. लिही गं, हेही लिही.