मुलाखत अर्ध्यावर सोडून मी ट्रे उचलला

प्रिय चिमे,

थोरल्या बहिणीचे मनापासून आशीर्वाद. तुझी पाठ, तुझी झोप आणि तुझी ती वरच्या मजल्यावरची भांडखोर शेजारीण, तिघींची खुशाली कळव. (शेजारणीची आधी.) इकडे आम्ही सगळे ठणठणीत. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, पण त्या स्वतः गुडघ्यांपेक्षा जास्त कुरकुरतात, तेव्हा काळजीचं काही कारण नाही.

तुझं पत्र वाचलं. दोन ठिकाणी नकार आला म्हणून तू अर्ज करणंच सोडून दिलंस, आणि वर मला विचारतेस की ताई, तू एवढ्या वर्षांनी मुलाखतीला गेली होतीस म्हणे, चार गोष्टी सांग. सांगते की! मी आता या विषयातली जाणकार आहे, कारण मी एकच मुलाखत दिली आहे. दोन दिल्या असत्या तर इतक्या ठामपणे बोलता आलं नसतं.

आधी बायोडेटा. तो घरातल्या माणसांना दाखवू नये. जागा होती डोळ्यांच्या दवाखान्यात, नोंदणीच्या खिडकीवरची. आलेल्यांची नावं लिहायची, क्रम लावायचा, डोळ्यांत थेंब घातलेल्यांना भिंतीकडेच्या बाकावर डोळे मिटून बसवायचं, आणि डॉक्टर येतीलच, डॉक्टर येतीलच असं म्हणत राहायचं. लग्नाआधी दातांच्या दवाखान्यात मी हेच करत होते. मधे मात्र सतरा वर्षांचं भगदाड. ते बुजवायला तुझे भावोजी बसले आणि त्यांनी लिहिलं, ‘बहुआयामी गृहव्यवस्थापन’. म्हटलं, म्हणजे काय हो? तर म्हणाले, तू करतेस तेच. (आजवर माझ्या कामाला त्यांनी कधी नाव दिलं नव्हतं, आणि दिलं ते परक्यांना दाखवायला.) छंदाची जागा रिकामी बरी दिसत नाही म्हणून तिथे गिर्यारोहण घातलं. मी चढते ती फक्त माळ्यावर, तेसुद्धा स्टूल कुणीतरी धरलं तर. मी ते सगळं खोडलं आणि लिहिलं, ‘या काळात घर सांभाळले.’ चिमे, जे केलं तेच लिहावं, एका पानात, साध्या शब्दांत. मोठ्या शब्दामागे लपायला गेलं की त्या शब्दावरच प्रश्न विचारतात आणि मग आपण उघडे पडतो.

मग सराव. भावोजींनी जेवणाचं टेबल खिडकीपाशी ओढलं, टाय लावला (खाली घरातली चड्डीच होती), आणि सासूबाईंना अध्यक्ष केलं. त्यांना माझं नोकरीला जाणं पहिल्यापासून नापसंत होतं, म्हणून त्या फार आनंदाने अध्यक्ष झाल्या. आत येताना चपला सरळ काढल्या नाहीत इथपासून त्यांनी सुरुवात केली. सराव चालू असताना त्यांना मधेच औषध लागायचं, भावोजींना चहा लागायचा, आणि दर वेळी उमेदवार उठून स्वयंपाकघरात जायची आणि परत येऊन आपल्या बलस्थानांविषयी बोलायची. शेवटी सासूबाईंनी चष्मा नाकावर खाली घेऊन विचारलं, “काय कमी आहे तुला या घरात?” भावोजी म्हणाले, आई, असले प्रश्न नाही विचारत. पण तोच खरा प्रश्न होता, आणि माझं पाठ केलेलं एकही उत्तर त्याला लागू पडेना. मी म्हटलं, “कमी काही नाही. पण सकाळपासून रात्रीपर्यंत मला आई म्हणतात, सूनबाई म्हणतात, अगं म्हणतात. नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाहीये.” सासूबाई बराच वेळ टेबलावरचा डाग नखाने खरवडत बसल्या. मग म्हणाल्या, आता पुरे, माझी कंबर अवघडली.

प्रत्यक्ष मुलाखतीला समोर तिघं होते. डॉक्टरीणबाई, व्यवस्थापक आणि एक वयस्कर विश्वस्त. पहिले दोन प्रश्न छान गेले. तिसरा विचारता विचारता व्यवस्थापकांना ठसका लागला, आणि चिमे, माझे पाय माझे राहिले नाहीत. मी उठले, कोपऱ्यातल्या जगमधलं पाणी तिघांनाही दिलं, ते पिऊन होईपर्यंत उभी राहिले, रिकामे पेले ट्रेमध्ये घेतले आणि सरळ बाहेर पडले. दार मागे बंद झालं तेव्हा कळलं की आपण काय करून बसलो. हातात ट्रे पाहून बाहेरच्या उमेदवारांना वाटलं मी तिथलीच. कुणी विचारलं आत काय विचारतात, कुणी विचारलं अजून किती वेळ. शेवटच्या खुर्चीवरची एक मुलगी घामाघूम होऊन पांढरी पडली होती. तिला डोकं खाली घालायला लावलं, बाहेरच्या माठातलं पाणी पाजलं, बाकीच्यांना सांगून तिचा नंबर वर घेतला. (सगळ्या कबूल झाल्या. हातात ट्रे असला की लोक ऐकतात.) तेवढ्यात व्यवस्थापकांनी दार उघडून, तुमची मुलाखत संपलेली नाही, असं फार थंड आवाजात सांगितलं. आत गेल्यावर त्यांनी विचारलं, आम्ही तुम्हाला का घ्यावं? पाठ केलेलं उत्तर तयार होतं, पण तोंडातून निघालं ते असं, की ते नंतर बघू, आधी बाहेरच्या त्या मुलीला आत घ्या, तिला चक्कर येतेय. विश्वस्त हसले. व्यवस्थापक हसले नाहीत. कळवतो म्हणाले.

तर या अनुभवावरून सांगते. खुर्चीवर घट्ट बसावं. कुणी खोकलं तर खोकू द्यावं. विचारलं तेवढंच बोलावं, आणि दुसऱ्या उमेदवारांची उस्तवार करू नये. नकार आला तर तो त्या जागेपुरता असतो, तुझ्यापुरता नसतो. हे मी तुला लिहितेय खरं, पण गेले काही दिवस फोन वाजला की हातातलं लाटणं टाकून मीच आधी धावते. ही जागा मला हवी आहे गं. फार हवी आहे.

प्रकृतीला जप, आणि अर्ज करत राहा.

तुझी,
ताई

ता. क. पत्र पाकिटात घालत होते आणि फोन आला. मला घेतलं! पहिल्या तारखेपासून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आम्हाला बाहेरची गर्दी सांभाळणारं माणूस हवं होतं आणि तुम्ही ती मुलाखतीतच सांभाळलीत. तेव्हा घट्ट बसण्याबद्दल वर जे लिहिलं आहे ते खोडून वाच. पुन्हा सगळं लिहायचा मला कंटाळा आलाय.

ता. क. २. आता खरं काम. हे भावोजींच्या कानावर जाऊ देऊ नकोस, त्यांच्या हाती लागलं तर ते यातही गिर्यारोहण घालतील. काल दुपारी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, तुझा केलास तसा माझा पण एक बायोडेटाचा कागद करून दे. कुणाला पाठवायचा नाही, नुसता हवा. वर नाव मोठ्या अक्षरांत हवं, आणि ते पूर्ण. तुला टायपिंग चांगलं येतं म्हणून तुझ्यावर सोपवते. मजकूर सोबत जोडलाय, सगळा त्यांनीच सांगितलाय. फक्त ‘आधीचे काम सोडण्याचे कारण’ हा रकाना मी विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, “सोडता येतं होय?” तो कोरा ठेव.