दिलं, घेतलं

ता. ४, सोमवार

आलेलं सामान: पेटी एक, वळकटी एक (उगाच आणली, इथे गादी आहे), पिशवी एक, जपमाळ, ही वही, आणि मी एक. गाडीवाल्याने शंभर मागितले, ऐंशीवर आला. पेटी उतरवायचे दहा वेगळे मागत होता. म्हटलं, बाबा, मी रोज माणूस उचलते, पेटीचं काय घेऊन बसलास. स्वतःच उतरवली.

फी निम्मी आमची, निम्मी वन्संची. कल्पनाही त्यांचीच. म्हणाल्या, वहिनी, तुम्ही आडव्या झालात तर आईला कोण बघणार? म्हणजे काळजी मुळात आईचीच, पण मी ती माझी म्हणून पदरात पाडून घेतली. घरात म्हातारं माणूस सांभाळणाऱ्यांनी इथे दोन आठवडे येऊन नुसतं पडायचं, आणि तोवर इथली एक बाई आपल्या घरी आपल्या जागी राहायची, अशी ही सोय. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा लेक पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायची. आता ती परगावी नोकरी करते. मधल्या काळात दुपारी पाठ टेकल्याचं मला आठवत नाही.

बदली बाई काल घरी आली. चेहरा असा, की पाठ फिरवली की आठवू नये. बोलली थोडं. दिवसभर माझे हात बघत बसली.

खोली स्वच्छ आहे. खिडकी अंगणाकडे उघडते. इथल्या मोठ्या बाईंनी रीत समजावली. सगळी कामं एकदम सांगितली तर बदलीला पेलत नाहीत आणि आपल्या जिवालाही ती सुटत नाहीत. म्हणून रोज चहानंतर ऑफिसातून घरी फोन लावायचा, एकच काम नीट सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, "दिलं." पलीकडून ती "घेतलं" म्हणाली की त्या कामाची काळजी आपली नाही. मला हसू आलं, मुलं भातुकलीत म्हणतात तसं. पण देवाने एवढी विश्रांती पदरात घातली आहे, तर शहाण्यासारखं ऐकावं.

ता. ५, मंगळवार

आज सासूबाईंची वेणी दिली. पैसे मोजलेत तर काम पुरतं सांगावं, म्हणून बारीकसारीक काही सोडलं नाही. उशीने डोक्यामागे घट्टा पडला आहे, तिथे फणी लावायची नाही. केस ओढले की त्या बोलत नाहीत, नुसती पायाची बोटं आवळतात. तिकडे लक्ष ठेवायचं. बदली म्हणाली, "घेतलं." आवाज गोड आहे.

दुपारी चक्क झोपले. उठल्यावर कुणाला पाणी द्यायचं आहे म्हणून धडपडत उभी राहिले, तर कुणीच नाही. घरात हाकांनी कान किटले होते. इथे हाक नाही तर चुकल्यासारखं होतं.

शेजारच्या खोलीत एक काकू आहेत, वडिलांचं करतात म्हणे. त्याही दोन आठवड्यांसाठीच आल्या आहेत. आया त्यांना चमच्याने सूप भरवत होती. मनात म्हटलं, चैन असावी तर अशी.

ता. ६, बुधवार

सकाळी वेणी घालायला बसले आणि हात अडले. तीन पेड हातात, पण कुठला कुणावरून घ्यायचा ते काही केल्या उमजेना. शेवटी आयाने घालून दिली. म्हणाली, राहू द्या हो, आता कशाला लागतं तुम्हाला. बसून राहिलं की हातसुद्धा आळशी होतात, ही नवीनच माहिती.

आज कुशीवर वळवणं आणि उठवून खुर्चीत बसवणं दिलं. हे खरं कसबाचं काम. गुडघा कुठे रोवायचा, त्यांचा हात आपल्या मानेत कसा घ्यायचा, आणि उठवताना बोलत राहायचं, म्हणजे त्या घाबरत नाहीत. फोनवर ह्यांचा आवाज ऐकू आला, मागून हसत होते. घरात हसू आहे हे बरंच झालं.

ता. ७, गुरुवार

उठता आलं नाही. दुखत काहीच नाही. पाय आहेत, कळ नाही, मुंग्या नाहीत. उठायचं कसं तेच शरीर विसरलं आहे. कुशीवरही वळता येईना. आया आली, माझा हात तिच्या मानेत घेतला, गुडघा गादीला रोवला आणि उठवताना बोलत राहिली. मी घाबरले नाही. नंतर खूप घाबरले.

मोठ्या बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांचा शीण आहे, तो असाच बाहेर पडतो. चाकाच्या खुर्चीतून मला फोनपाशी नेलं. मी भरवायचं काम देऊन बसले. कसं दिलं? तिने विचारलं, आणि सवयीने तोंडातून निघत गेलं. डाव्या गालाने भरवायचं, घोट उतरेपर्यंत थांबायचं. बोलून झाल्यावर जीभ चावली.

ता. ८, शुक्रवार

चमचा तोंडापर्यंत येत नाही. लेखणी मात्र धरता येते. विचार केला, असं का? लिहायचं काम मी सासूबाईंसाठी कधी केलंच नव्हतं. ते कुणाला दिलेलं नाही.

म्हणजे जे दिलं तेच गेलं आहे.

काकूंना विचारलं, तुम्ही कधी आलात? म्हणाल्या, दोन आठवड्यांसाठी आले आहे. पुन्हा विचारलं. दोन आठवड्यांसाठी. केस पांढरेशुभ्र, हात उशीसारखे मऊ. वडिलांचं नाव विचारलं तर हसल्या.

ह्यांना फोन लावून घेतला. मला न्यायला या म्हटलं. म्हणाले, काळजी करू नका, इकडे सगळं छान चाललं आहे, आई म्हणते सूनबाईचा हात आता किती हलका झाला. मला ते तू म्हणतात. आज तुम्ही म्हणाले. अनोळखी बाईशी बोलावं तसं. मी नाव सांगितलं, तर म्हणाले, हो हो, विश्रांतीगृहातून ना? निरोप देतो हिला.

ता. ९, शनिवार

आज काहीही द्यायचं नाही असं देवाची शपथ घेऊन ठरवलं.

फोनवर बदली म्हणाली, सासूबाई काल संध्याकाळपासून पाणी घेत नाहीत. मागून रडणं ऐकू येत होतं. ते खोटं नव्हतं, ते रडणं मी ओळखते. दिवेलागणीला मी त्यांच्याबरोबर प्रार्थना म्हणते, ती झाल्याशिवाय त्या घोटही घेत नाहीत. ऐंशीच्या पुढचं माणूस, घसा कोरडा. मी काय करायला हवं होतं? सांगितली. सगळी सांगितली. पण "दिलं" म्हटलं नाही. ओठ घट्ट मिटून धरले.

तरी ती म्हणाली, "घेतलं."

मागचं रडणं थांबलं.

ता. १०, रविवार

जपमाळ हातात आहे. मणी सरकतात. तोंडात काही येत नाही — देवाचं नावसुद्धा — जिथे ते असायचं तिथे दात पडल्यावर राहते तशी जागा —

रविवारी लेक घरी फोन करते. ह्यांना विचारलं. म्हणाले, हो, आईशी बोलली की अर्धा तास. आई म्हणजे कोण, विचारलं. म्हणाले, तुम्ही विश्रांती घ्या.

पण पुढे एक बोलून गेले. लेक जरा रुसली म्हणे. आईने तिला नेहमीच्या लाडक्या नावाने हाक मारली नाही.

ती ओळखते. माझी पोर मला ओळखते. ते नाव मला नि तिलाच ठाऊक आहे, ह्यांच्यासमोरसुद्धा मी कधी घेत नाही. ते इथेही लिहीत नाही. भिंतींनाही कान असतात.

ता. ११, सोमवार

फोनवर बदलीने ते नाव विचारलं. नाही सांगितलं. पुन्हा विचारलं. आया तळहातात माझी हनुवटी धरून बसली होती, डाव्या गालाने भरवत होती. नाही सांगितलं.

ता. १२

नाही.

दिवसभर ते नाव मनात घोळवत पडले. तेवढंच माझं.

ता. १३

फोन. तीच असेल म्हणून दात आवळून बसले. तर लेक. खरी माझी लेक, सर्दी झाली की येतो तोच आवाज. रुसवा काढायला रजा घेऊन घरी आली आहे. कुणीतरी तिच्या हातात फोन दिला असणार. म्हणाली, "आई? कोण आहे? आई, तू आहेस का?"

मी हाक मारली. त्याच नावाने. कुठली आई गप्प बसेल —

लेक काही बोलायच्या आत पलीकडून, अगदी जवळून, गोड आवाजात —

"घेतलं."

मग दोघींचं हसणं.

ता. —

बाळ, स्वयंपाकघरातली बाई हे पान टपालात टाकीन म्हणाली आहे. लिहिणं मी दिलेलं नाही, म्हणून अक्षर माझंच आहे, तू ओळखशील. घरात आहे ती मी नव्हे. तिच्या हातचं जेव, आजीला तिच्यापासून काढून घेऊ नकोस, आजीचा जीव तिच्यावर आहे — पण ती मी नव्हे. वर बाळ लिहिलं आहे, ते सगळ्याच पोरांना म्हणतात. तुझं ते वेगळं होतं. सकाळपासून शोधते आहे. दोन अक्षरी होतं का? तू लहान असताना काही तरी — पावसात की तापात — त्यावरून —

मोठ्या बाई येताहेत. आज लिहायचं काम राहिलंय म्हणतात. फोन खोलीतच आणला आहे.

उलट टपाली कळव. दुसरं काही लिहू नकोस. एवढंच कळव, मी तुला काय म्हणून हा