समोरचे सहा

३ जून

चि. फटाकडीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. मुलाकडच्यांना तू पसंत आहेस, मुलगाही तुला आवडलाय, पण तुझ्या समोरच्या दातांवरचे तपकिरी डाग मुलाच्या आईच्या नजरेत भरलेत. ताई रडत होती. मी म्हटलं, भाऊ दातांच्या कॅपा बनवतो आणि तू रडतेस? दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं तीस वर्षं त्याच्यावरच भरतंय! समोरच्या सहा दातांना सहा कॅपा, माझ्याकडून भेट. डॉक्टरांची पंधरा तारखेची वेळ घेतली आहे. ते दात जरा घासतील, माप माझ्याकडे पाठवतील. मागे गमतीने तुझ्या दातांचा प्लास्टरचा नमुना काढला होता, तो समोर ठेवूनच आकार ठरवतोय. महिन्याभरात डाग गेलेले दिसतील, असा शब्द ताईने तिकडे देऊन ठेवलाय. तेव्हा नखरे नकोत.

तुझ्यावर जरुरीपेक्षा जास्त लोभ असलेला,
मामा

७ जून

ती. मामास सा. न. वि. वि.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द आईने दिला, वेळ तू घेतलीस आणि दात मात्र माझे!

शाळेजवळच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आले. हे डाग लहानपणी प्यायलेल्या बोअरच्या फ्लोराइडवाल्या पाण्याचे. दात आतून ठणठणीत आहेत, रंग बिघडलाय तो वरच्या पापुद्र्याचा. तेवढाच त्या हलक्या हाताने घासणार आणि खडूसारखे पांढरे ठिपके आहेत तिथे पातळ द्रव मुरवणार. इंजेक्शन नाही, कोरणं नाही. थोडी झाक राहील, हेही त्यांनी आधीच सांगितलं. कॅपांसाठी मात्र चांगला दात चहूबाजूंनी घासावा लागतो आणि तो परत येत नाही. शिवाय कॅपा काही वर्षांनी बदलाव्या लागतात. मी सव्वीस वर्षांची आहे, मामा.

माझ्या वर्गातली बारा बहिरी मुलं दिवसभर माझ्या ओठांकडे बघून शब्द शिकतात. एकीने पहिल्याच आठवड्यात खुणेने विचारलं, हे काय? मी पाण्याचं सांगितलं. तिने मान डोलावली आणि पुढच्या शब्दाची वाट बघत बसली. डाग मलाही आवडत नाहीत, काढणारच आहे. पण माझ्यासाठी, आणि लागेल तेवढंच.

तुझ्याकडे मापं येतात ती घासून झालेल्या दातांची. आधीचा दात तू कधी बघितलास? माझा नमुना आहे ना, त्याच्यावर घासायचं मशीन चालव. मग मला बोल.

आहे तेवढा लोभ पुरे, वाढवून आणखी भेटी पाठवू नयेत.
फटाकडी

१२ जून

चि. फटाकडीस आशीर्वाद.

तुला गप्प करायचं म्हणून हट्टाने मशीन हातात घेतलं. चार दात घासले आणि हात थांबला. टेबलावर पांढरी भुकटी आणि नमुन्यात पेन्सिलीच्या थोटकांसारखे चार खुंट. पाचवा-सहावा तसाच ठेवून बघत बसलो. तुझा एक दात किंचित पुढे आहे, अगदी माझ्या आईसारखा. तो मी सगळ्यांत आधी घासून टाकला होता.

माझ्या कामाची मला लाज नाही. तुटलेल्या, किडलेल्या दाताला कॅप लागतेच, आणि माझ्यासारखी कुणी करत नाही. पण तुझे दात तुटलेले नाहीत. पंधराची वेळ रद्द केली. ताईला तसं सांगितलं, तर तिने फोनच आपटला. आपटू दे.

तुझ्या बाजूचा,
मामा

२८ जून

ती. मामास सा. न. वि. वि.

झालं एकदाचं. हिरड्यांवर रबराचा पडदा, मग घासणं, मग द्रव आणि तो घट्ट करायला निळा दिवा. दोन तास जबडा अवघडला, एवढाच त्रास. तपकिरी डाग गेले. दोन दातांवर पांढरी झाक आहे. बाईंनी विचारलं, आणखी एकदा करू या? मी म्हटलं, पुरे.

रविवारी ती मंडळी आली. मुलाच्या आईंनी मला खिडकीपाशी नेऊन दात बघितले आणि म्हणाल्या की लग्नाआधी उरलेलंही होईलच ना, कॅपा बसवल्या की प्रश्न मिटेल. मी नाही म्हटलं. त्यांनी सुनावलं की दाखवायचे दात तरी चांगले हवेत. मी म्हटलं, हत्तीचे दाखवायचे वेगळे आणि खायचे वेगळे असतात, माझे एकच आहेत, दोन्ही कामांना!

मग मी त्याच्याकडे बघितलं. खरंच वाट बघितली, मामा. तो चहाच्या कपात बघत बसला. शेवटी मीच सांगितलं की हे लग्न मला करायचं नाही.

वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? रात्री रडलेसुद्धा. आई दोन दिवस दातओठ खात घरभर फिरली. आज सकाळी भांडी लावता लावता एकदम म्हणाली की मेल्याचे दात एवढे पांढरेशुभ्र, पण तोंड उघडायची हिंमत नाही.

मी इतकी हसले की हातातली ताटली पडली. तीही हसत होती.

तिला फोन कर, आता आपटणार नाही. लोभ असू दे.
फटाकडी