मुकादमाची लस

३ फेब्रुवारी

चि. हेडमास्तर यांस, ताईचे अ. आ.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू माझ्या प्रत्येक वाक्याला हो हो म्हणतोस, आणि ठेवल्यावर मला कळतं की तू मधल्या मधे कुणा मास्तरांवर डाफरत होतास. म्हणून लेखी.

गुडघ्याची तारीख मिळाली. चौदाला भरती, पंधराला उजवा गुडघा नवा, मग तीन आठवडे तिथंच चालायला शिकवणार. पंचावन्नाव्या वर्षी पहिली पावलं! बनवायला घेतलेल्या सगळ्या दातांच्या कवळ्या पुऱ्या करून दिल्या. माझ्या दुखण्यापायी कुणी पेजेवर राहायला नको.

आता मुकादम. त्याची वर्षाची लस याच महिन्यात आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मधुमेह असला तरी कुत्र्याला लस हवीच, पण त्याची साखर आत्ता कुठे ताळ्यावर येतेय. लस टोचली की एखादा दिवस कुत्रं जेवत नाही, आणि उपाशी कुत्र्याला इन्सुलिन दिलं तर साखर धाडकन खाली येते, जिवावर बेततं. तेव्हा त्या दिवशी त्याचं खाणंपिणं कळणारं माणूस उशाशी हवं. ते माणूस मी. आठवडाभर स्वतःचंच डोकं खाल्लं. न द्यावी तर रोगाची धास्ती, द्यावी तर साखरेची. शेवटी ठरवलं, लस मी परत आल्यावर. तोवर तो तुझ्या घरी राहील, दुसऱ्या कुत्र्यांत जायचा नाही.

सुई दोन वेळा, सकाळ-संध्याकाळ. आधी जेवण, मग सुई. वाटी चाटून पुसून झाली नसेल तर सुई नाही, आधी डॉक्टरीणबाईंना फोन. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी दुसरी सोय बघते. राग मानणार नाही.

भावजयीला विचारल्याचं सांग. लोभ आहेच, तो टिकवायचं काम तुझं.

तुझी ताई

७ फेब्रुवारी

ती. ताईस, धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे परिपत्रकच! जावक क्रमांक तेवढा राहिला. माझ्या मते लस देऊन मोकळं व्हावं. शाळेत आम्ही तीनशे पोरांना एका दुपारी टोचतो, संध्याकाळी सगळी झाडावर असतात. पण मुकादम तुझा, तू म्हणशील तसं. तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय?

ही म्हणाली, खुशाल आणा. नवीन सोफ्यावर तेवढा चढू नये, इतकंच. मागच्या व्हरांड्यात त्याची गादी टाकतो. सुई मी स्वतः देईन. तू निवांत जा, कुत्र्यासाठी गुडघा अडवून धरू नकोस.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे, कानावर नको.

तुझा धाकटा

२१ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झालं, वाचून जीव भांड्यात पडला. मुकादम मजेत. सकाळी माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत येतो, पेपरवाल्यावर दोनदा भुंकतो आणि कर्तव्य केल्यासारखा परततो. वाटी लख्ख करतो, मगच सुई. ही वरून नाही म्हणते, पण काल त्याचे कान कुरवाळताना मी पकडली. व्हरांडा सोडून आता थेट माझ्या पलंगाशी झोपतो. तू आलीस तर ओळख दाखवेल की नाही, शंकाच आहे!

तू फक्त पाय हलव. बाकी मी आहे.

तुझा धाकटा

२३ फेब्रुवारी

सौ. ताईंस (नाव ठाऊक नाही, क्षमा असावी), स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी गावाबाहेर कुत्र्यांचं पाळणाघर चालवते. मुकादमाच्या पट्ट्यावर हा पत्ता होता, म्हणून लिहिते.

आपले बंधू त्याला चौदा तारखेला दुपारी घेऊन आले. लशीच्या दाखल्याशिवाय मी कुत्रं घेत नाही, असं मी त्यांना आठवडाभर आधीच सांगितलं होतं. दाखला होता, त्याच सकाळचा, स्टेशनजवळच्या डॉक्टरांचा. आजाराच्या रकान्यात त्यांनी ‘काही नाही’ लिहिलं, मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव.

त्या संध्याकाळी त्यानं वाटीला तोंड लावलं नाही. पंधराला सकाळीही नाही. शाळेआधी बंधू आले, त्याला हौदामागे फिरवून आणतो म्हणाले आणि पाच मिनिटांत निघून गेले. तासाभरानं तो भेलकांडत आला, आडवा झाला, पाय झाडायला लागला. हौदामागे गवतात मला सुईचं टोपण सापडलं. माझ्या वडिलांना मधुमेह होता, त्यामुळे चटकन लक्षात आलं. हिरड्यांना साखरेचं पाणी चोळलं आणि दवाखाना गाठला. तिथं बिचाऱ्याला सलाइनवर ठेवावं लागलं.

आता जेवतो. सुई मी देते. बंधूंना मी सांगितलं आहे की कुत्रं पट्ट्यावर पत्ता असलेल्या माणसालाच देईन. त्यावर ते म्हणाले की ताईंना कळवू नका, त्यांना धक्का बसेल. मी आठवडाभर थांबले. पण आपलं कुत्रं कुठे आहे हे आपल्याला ठाऊक नसावं, हे मनाला पटेना.

तब्येतीला जपावे. न दिसताही आपला ऋणानुबंध जुळलाच आहे.

मुकादमाच्या सध्याच्या बाई

८ मार्च

चि. हेडमास्तर यांस,

आशीर्वाद नेहमीचे आहेत, ते तुझ्या वागण्यावर अवलंबून नाहीत.

काल घरी आले. दारातून आत सरकवलेल्या टपालात एक पत्र होतं, त्याची नक्कल सोबत जोडते. तू शाळेत करतोस तसं, खाली स्वाक्षरी करून परत पाठव.

पंधरा तारखेला सकाळी मी भुलीत होते आणि मुकादम हौदापाशी पाय झाडत होता. बरोबर सहा दिवसांनी तू मला लिहिलंस की तो पेपरवाल्यावर भुंकतो. दोनदा भुंकतो. आकडासुद्धा दिलास! भावजयीनं कान कुरवाळले म्हणे. खोटं बोलावं लागतं कधीकधी, समजू शकते. पण ते इतकं रंगवून, इतक्या मायेनं लिहिलंस की इस्पितळात मी ते पत्र शेजारच्या बाईंना वाचून दाखवलं. माझा भाऊ बघा, म्हटलं.

लस द्यावी की नाही, यावर तुझं मत वेगळं होतं. मांडायचंस. भांडायचंस. तू होकार दिलास आणि माझ्या पाठीमागे टोचून आणलीस. तीही मधुमेहाचं अवाक्षर न काढता, भलत्याच डॉक्टरांकडून. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तुला दारातूनच परत पाठवलं असतं, हे तुला ठाऊक होतं. म्हणजे विसर नव्हे, बेत होता.

ताई

१२ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

काय लिहू? माझं चुकलं. हिनं तुझं पत्र वाचल्यावर सांगितलं की कुत्रं आलं तर ती माहेरी जाईल. हिला केसांचं वावडं आहे, निदान सोफा आल्यापासून आहे. तुला खरं कळवलं असतं तर तू ऑपरेशन पुढे ढकललं असतंस, नाही म्हण! दोन वर्षं तू भिंत धरून चालत होतीस. मला तुझा गुडघा महत्त्वाचा वाटला. पाळणाघर मधुमेहाचं कुत्रं घेत नाही असं कुणीतरी म्हणालं, म्हणून तो रकाना तसा भरला. सकाळी सुई द्यायला गेलो होतो ना मी? संध्याकाळी संस्थेच्या बैठका असतात. तो जेवला का, हे विचारलं असतं तर बाईंना संशय आला असता.

पत्रं लिहिताना वाटायचं, तू आनंदात राहशील, लवकर चालशील. शेवटी मुकादम वाचला ना? आता हे वाढवू नकोस. तू बोलली नाहीस तर घर सुनं वाटतं.

तुझाच धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ‘विचारलं असतं तर संशय आला असता’ हे वाक्य शाळेच्या फळ्यावर लिहून ठेव. तुझी अब्रू राहावी म्हणून तू कुत्र्याची वाटी बघितली नाहीस. सोफ्याची गोष्ट मी हसून सोडली असती. ही नाही सुटत.

मी ऑपरेशन पुढे ढकललं असतं, हे खरं आहे. किंवा त्या बाईंना स्वतः भेटून, सगळं सांगून त्याला ठेवलं असतं. मी विचारलं, त्या म्हणाल्या, मधुमेहाची दोन कुत्री आधीपासूनच आहेत त्यांच्याकडे. तुला कुणीतरी म्हणालं, आणि तू विचारलं नाहीस.

मुकादम घरी आला. वजन उतरलंय, सुईचं टोपण निघाल्याचा आवाज झाला की कपाटामागे जातो. पूर्वी स्वतःहून मान पुढे करायचा. रोज पंधरा मिनिटं मी काठी टेकून कपाटाशी उभी राहते, तो बाहेर येईपर्यंत. पुढच्या वर्षी लस द्यायची, डॉक्टरीणबाईंचं आणि माझं ठरलंय. दिवस कुठला, ते तुला कळण्याचं कारण नाही.

डावा गुडघा ऑगस्टमध्ये आहे. काल इस्पितळाचा फॉर्म भरला. माझी शुद्ध नसताना माझ्या वतीनं निर्णय कोण घेईल, असा एक रकाना असतो. मागच्या खेपेला तिथं डोळे झाकून तुझं नाव घातलं होतं. या वेळी पाळणाघराच्या बाईंना विचारून त्यांचं घातलं. पुढे नातं विचारलं होतं. तो रकाना मी कोरा ठेवला, खोटं लिहायला नको म्हणून. खिडकीवरच्या मुलीनं फॉर्म परत केला नाही. सही आहे ना, एवढंच तिनं पाहिलं.

भावजयीस नमस्कार. सोफ्याची काळजी घ्यावी.

ताई