तिसरी हाक

मुक्काम रामेश्वरजवळ, ता. ९ मार्च १९८५

ती. सौ. कोकिळाताईस,
धाकट्या रूपरावचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पावलं. हरभरा घरी आला, भाऊजींचा खोकला थांबला, बरं वाटलं. मी तिखट पाठव म्हणतो, अन् तू दर वेळी उपदेश पाठवते!

आमच्या पलटणीले इथं किनाऱ्यावर नेमलं आहे. लंकेतले तमिळ लोक जीव मुठीत घेऊन नावेनं येऊन राह्यले. नाववाले पकडले जायच्या भीतीनं त्याईले समोरच्या वाळूच्या पट्ट्यावर उतरवून पळतात. सरकारचा हुकूम असा की कोणाले परत लोटायचं नाई. लाँचनं आणायचं, छावणीत पत्र्याची खोली अन् तांदूळ द्यायचे. माझं काम एवढंच, की वाळूवरून हाक आली की शिट्टी मारायची, मग लाँच सुटते.

ताई, सोमवारी दिवेलागणीले तिकडून एका म्हाताऱ्याची हाक आली. पुन्हा आली. मी शिट्टी तोंडाशी नेली अन् थांबलो. भूत दोनदाच हाक मारते, तिसरी आल्याशिवाय ओ देऊ नये, हे आईनं वावरात शिकवलेलं अंगात भिनलं आहे. मी तिसरीची वाट पाह्यली. ती आलीच नाई. वारा असेल म्हणून गप्प बसलो. रात्री भरतीचं पाणी पट्ट्यावर चढलं, सकाळी लाँचवाल्याईले तिथं फक्त एक गाठोडं सापडलं.

छावणीतल्या सेल्वी नावाच्या बाईनं ते ओळखलं. तिचा बाप मागून येणार होता. आता ती ज्याले त्याले विचारते, बाबांची हाक कोणी ऐकली काय. दुभाष्यानं मलेही विचारलं. मी नाई म्हटलं. काय करू? आईले सांगू नको.

तुझाच,
रूपराव

अल्लीपूर, ता. १८ मार्च १९८५

चि. रूपराव यास कोकिळाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं अन् हातातलं सूप खाली पडलं. पहिले तुझा राग आला, मग आईचा, मग माझा. मीही पोराईले तेच शिकवते ना. बंदूकवाला शिपाई अन् भुताले भेला, बावळटा!

आईले सांगतलं नाई, तेवढं गाळून पत्र वाचून दाखवलं. तरी तिनं विचारलंच, रूपराव काऊन आंबट तोंडानं लिहिते.

तू त्या बाईले सांगून टाक. नोकरी गेली तर घरी येजो, भाकरीले कमी नाई. ती शिव्या देईल, अंगावर धावेल, सोसजो. पण तिले असं दारोदार विचारत फिरू देऊ नको रे बाप्पा.

जिवाले जपजो, आम्हाले विसरू नको.

तुझी ताई

मुक्काम रामेश्वरजवळ, ता. २ एप्रिल १९८५

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

सांगतलं. तिसऱ्या हाकेची गोष्टही सांगतली. साहेबालेही सांगतलं. चौकशी लागली आहे, होईल ते होईल.

सेल्वी रडली नाई, शिव्याही दिल्या नाई. दुभाष्याकडून एवढंच विचारलं, बाबा काय म्हणत होते. मले अर्थ ठाऊक नव्हता, पण तो आवाज कानातून गेलाच नव्हता. जसा ऐकला तसा काढून दाखवला. ते तिचं घरातलं लाडाचं नाव निघालं.

आता ती रोज कुंपणाशी येते अन् तशीच हाक मार म्हणते. नाई म्हणायले मले तोंड नाई. मी हाक मारतो, ती ओ देते. पुन्हा मारतो, पुन्हा ओ देते. मग ती तिसरीची वाट पाहत उभी राह्यते, अन् ताई, माझा आवाजच फुटत नाई.

लायक नसलो तरी माया ठेवजो.

तुझा,
रूपराव