अंबूला मोटारीनं आणायची

ता. १८ जानेवारी १९३१, रविवार
मोटार आली. लोणावळ्याच्या एका पारशीबावाची, बारा वर्षं वापरलेली. त्याचा ड्रायव्हर घाट उतरवून आमच्या दहिवलीपर्यंत घेऊन आला, मी शेजारी बसून. घाट कसा होता ते सांगता येणार नाय. खोपोली येईपर्यंत डोळे मिटून होतो. धुरळा फार.
खोपोलीला ड्रायव्हर म्हणाला, काका, माझा गुडघा सोडा आता, घाट संपला. मी त्याला आधार म्हणून धरला होता.
ही वही त्यानंच दिली. म्हणाला, जुनी गाडी हाय, रोज काय बिघडलं ते लिहीत जा. मी चौथी शिकलोय. लिहीन. पण मोटारीचं तेवढंच. बाकीचा पाल्हाळ नाय.

ता. १९ जानेवारी, सकाळ
मोटार का घेतली ते एकदाच लिहून टाकतो. आमची अंबू कळंबला दिलीय, नागू पाटलाच्या मधल्या पोराला. पहिलटकरीण. बाळंतपण माहेरी. गेल्या महिन्यात तिकडं गेलो तर विहीण दहा बायकांत म्हणाली, सातव्यात पोरीला बैलगाडीत घालून हिसके देत नेणार काय? मला राग आला. सांगून टाकलं, माझी अंबू बैलगाडीत बसणारच नाय, मोटारीनं नेईन. तेव्हा मोटार नव्हती. आता हाय.
माघी अवसेला, म्हणजे १७ फेब्रुवारीला, तिला आठवा लागतो. आठव्यात पोटुशीनं नदी ओलांडायची नाय. त्याच्या आत आणायची. चार आठवडे पडलेत. टाईम भरपूर.

त्याच दिवशी, दुपार
ड्रायव्हरनं एक तास शिकवलं आणि स्टेशनवर गेला. चार दिवस राहतो म्हणत होता, मी नको म्हणालो. तीस वर्षं बैल हाकलेत. बैलाला निदान डोकं असतं, हिला तेही नाय, मग अवघड काय?
चांगो ठाकर माझ्याकडं गवत कापायला असतो, दांडगा गडी. त्यानं पुढचं हँडल मारलं. मोटार थरथरली. मीही थरथरलो, सीटच तशी हाय. मग ती निघाली आणि सरळ गवताच्या उडवीत शिरली. ब्रेक ओढला. थांबली. ब्रेक उत्तम.
चांगो म्हणाला, शेट, गवत खाते का ही?

ता. २२ जानेवारी
मोटारीत बिघाड. चालते, पण दमेकऱ्यासारखी. चिंचेपर्यंत गेली आणि मागून जळका वास आला. लगेच उतरलो.
कारण सापडलं. पेट्रोलात पाणी. सगळं पेट्रोल डब्यात काढून आमच्या मंडळीच्या, धोंडूबाईच्या, जुन्या लुगड्यातून गाळलं. दोन वेळा. पाणी निघालं नाय, म्हणजे पाणी फार बारीक असणार.
धोंडूबाई म्हणाली, लुगड्याला वास मारतोय, आता हे तुमीच नेसा.

ता. २५ जानेवारी
प्लग काढले. काळे होते. राखुंडीनं घासून पांढरे केले, माझे दातही इतके नाय निघत. मोटार तशीच. उद्यापासून रोज सकाळी एक तास चालवायची. ठरलं.

ता. २६ जानेवारी
सकाळी दव होतं. चाक घसरलं असतं.

ता. २७ जानेवारी
रस्त्यावर म्हशी.

ता. २९ जानेवारी, गुरुवार
खालापूरला जायला निघालो. मामलेदार कचेरीत काम होतं, मुद्दाम मोटारीनं. चांगो मागं बसला पाण्याचे चार डबे घेऊन. पळसदरीच्या अलीकडं समोरून वाफ उसळली. मागच्या चाकांतून धूर. पुढं वाफ, मागं धूर, मधे मी. अशा वेळी गडबड करायची नसते. मी उतरलो.
मोटार चालत होती. ती आपली तशीच हळूहळू पुढं गेली, चांगो मागं बसलेला, पुढं कोणी नाय. मी कडेनं चालत होतो, हाताच्या अंतरावर. पंधरा पावलांवर शेताच्या बांधाला टेकून बंद पडली.
चांगो म्हणाला, शेट, तुमी उतरला ते मला सांगायचं तरी. मी म्हणालो, तुला कळायला पायजे होतं.
परत बैल जुंपून आणली. लोक बघत होते. मी सांगितलं, मोटार शिकाऊ हाय.

ता. ३ फेब्रुवारी
कळंबहून नागू पाटलाचा गडी आला. निरोप दोन. पाटलाचा निरोप, मोटार कधी येते, गाव वाट बघतंय. अंबूचा निरोप गड्यानं धोंडूबाईला मागच्या दारी वेगळा सांगितला. आईला म्हणावं लवकर या, मला इथं भीती वाटते. तिच्या थोरल्या जावेचं बाळंतपण तिथंच झालं होतं दोन वर्षांमागं. मूल राहिलं नाय.
धोंडूबाई रात्री जेवली नाय. तिच्या हातानं अर्ध्या दहिवलीची बाळंतपणं झालीत आणि पोटची पोर तिकडं.
मी सांगितलं, रविवारी आणतो. शब्द.
आजच कार्बरेटर उघडला. धुतला. परत बसवला. एक इस्क्रू उरला. जादा दिला असेल.

ता. ६ फेब्रुवारी
समोरची पाण्याची टाकी गळते. कोणीतरी म्हणालं, हळद टाका, भोकं बुजतात. पावशेर टाकली. भोकं बुजली. मग चिंचेजवळ झाकण उडालं आणि सगळं चांगोच्या अंगावर. सुदैवानं तो वाकला होता, पाठीवरच पडलं, फार भाजला नाय. पिवळा झाला. हळद लागलेल्या नवऱ्यासारखा घरी गेला. त्याच्या बायकोनं, जनानं, दारातच विचारलं म्हणे, कुठं लगीन लावून आलास?
माझं काळीज अजून धडधडतं. चहा जास्त झाला.

ता. ८ फेब्रुवारी, रविवार
आज आणायची होती. सकाळी पाच वाजता उठलो. आंघोळ केली, टोपी घातली, मोटारीत बसलो. चांगोनं हँडल मारलं. लगेच चालू झाली. पहिल्याच हँडलला कधी चालू होत नाय. मला संशय आला. बंद केली. जे कधी होत नाय ते झालं म्हणजे आत काहीतरी मोठं बिघडलंय.
धोंडूबाई ओटीचं सामान बांधून दारात उभी होती. तिनं सामान सोडलं.

ता. ११ फेब्रुवारी
धोंडूबाईनं मला न विचारता पुतण्या गजाला बैलगाडी घेऊन कळंबला पाठवलं. गाडी रिकामी परत आली. विहीण म्हणाली, व्याह्यांनी दहा बायकांत शब्द दिलाय, पोर मोटारीनंच जाईल, नायतर इथंच बाळंत होईल, आमाला जड नाय ती.
गजा म्हणाला, अंबू खांबाला धरून उभी होती. गाडी वळेपर्यंत बघत होती.
धोंडूबाई म्हणाली, तुमच्या तोंडानं पोर तिथं अडकली. आता तुमच्या हातानं सोडवा.
मी म्हणालो, मोटारीत दोष हाय, माझ्यात नाय.
सहा दिवस पडलेत.

ता. १४ फेब्रुवारी, शनिवार
जयवंता फिटर आला. आधी रेल्वेच्या इंजिनांवर होता, आता कर्जत स्टेशनाबाहेर पंपाची, मोटारीची कामं करतो. धोंडूबाईनंच बोलावला. मी त्याला सगळं सांगितलं, पेट्रोल, प्लग, कार्बरेटर, हळद. तो बिडी ओढत ऐकत होता. उरलेला इस्क्रू बघितला, बसवला. मग एक फेरी मारून आला आणि म्हणाला, काका, हा ब्रेक कोणी ओढून ठेवलाय?
मी म्हणालो, मी.
कधीपासून?
गवताच्या उडवीत शिरली तेव्हापासून.
चालवतानाही?
मी म्हणालो, चालवतानाच तर लागतो. मी घाटात भाताच्या गाड्या उतरवल्यात. चाकामागं ओंडका बांधून घासत घासतच उतरायचं असतं. ओंडका आधी बांधतात, गाडी सुटल्यावर नाय. उतार आल्यावर ब्रेक शोधत बसू काय?
जयवंता खाली बसला आणि बराच वेळ खोकत होता. बिडीनं असेल. मग म्हणाला, काका, ही गरीब बिचारी महिनाभर पाय बांधून पळत होती. म्हणून धूर, म्हणून वाफ, म्हणून दम. हिला काही झालेलं नाय.
मी म्हणालो, नीट बघ.
बघितलं, म्हणाला. काही नाय.
अजून एकदा बघ म्हणालो. बघितलं. काही नाय.
त्यानं ब्रेक सोडला. दारासमोर जरासा उतार हाय. मोटार कोणी न हाकता आपोआप निघाली. मी पटकन ओट्यावर चढलो. जयवंतानं एका हातानं थांबवली.
आता कारण उरलं नाय. म्हणजे काम उरलं नाय. बरं झालं.

ता. १५ फेब्रुवारी
जयवंताला शेजारी बसवून ब्रेक सोडून नदीपर्यंत गेलो. बांधलेली असताना ती माझ्यासारखी चालायची. आता ती आपल्या मनानं चालते. झाडं अंगावर येतात. जयवंता म्हणाला, काका, डोळे उघडे ठेवा. मी म्हणालो, उघडेच हायत. मग उघडले.
नदीच्या उतारावर पायात गोळा आला आणि दोन्ही हात चाकाला चिकटले. सुटेनात. जयवंतानं एकेक बोट सोडवलं.
उद्या अवसेचा आदला दिवस. उद्या स्वतः चालवत जायचं. कळंबच्या वेशीत हॉर्न वाजवायचा. बघू दे विहिणीला.

ता. १६ फेब्रुवारी, पहाटे ५
उजवा हात मुरगळलाय. झोपेत. जयवंतानंच चालवावी. मी शेजारी बसून लक्ष ठेवीन. मालकानं स्वतः हाकणं शोभतही नाय.

त्याच दिवशी, रात्री ८
पुरं लिहितो, मग वही बंद.
धोंडूबाई मागं बसली ओटीचं सामान घेऊन. जयवंतानं नेरळपर्यंत अशी नेली की मी लक्ष ठेवायला मान खाली घालून बसलो. धोंडूबाई मागून म्हणत होती, अगं बाई, किती गार वारा. तिला कशाचं काही नाय. अडाणी बाई.
कळंबच्या वेशीत हॉर्न जयवंतानंच वाजवला म्हणे, मला ऐकू आला नाय. सगळं गाव जमलं. नागू पाटील पुढं, विहीण मागं. मी दार उघडून उतरलो. खांब धरला तर तो जयवंता होता.
अंबू बाहेर आली. पोट चांगलं पुढं, तोंड सुकलेलं. मोटारीकडं बघितलंच नाय तिनं. माझ्याकडं बघत राहिली. पाण्याचा तांब्या आणला, माझ्या हातात दिला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. तिनं तांब्या परत घेतला आणि स्वतः माझ्या तोंडाला लावला. गावासमोर.
मग सासूला म्हणाली, आत्याबाई, मला त्या पेट्रोलच्या वासानं मळमळतंय. मी नाय बसायची यात. बाबांबरोबर आपल्या बैलगाडीनंच जाते.
विहीण म्हणाली, आणि तुझ्या बापाचा शब्द?
अंबू म्हणाली, शब्दाची मोटार दारात उभी हाय. बापानं आणली. आता मीच बसत नाय, त्यात त्यांचा काय दोष?
नागू पाटील मोटारीला हात लावून बघत होता. म्हणाला, बरोबर हाय, मोटार आली, शब्द झाला. त्याला फक्त एक फेरी पायजे होती. जयवंतानं दिली.
मला पोरीचं वाईट वाटलं. एवढी मोटार आणली आणि ती घाबरली. घाबरट आईवर गेली म्हणावं तर आई मोटारीत बसून पुढं निघून गेली, पदर उडवत, मागं वळूनही बघितलं नाय.
आमी नागू पाटलाच्या गाडीनं निघालो. खाली पेंढा, वर दोन गोधड्या. हाकणाऱ्याला अंबू दर खळग्याला म्हणायची, सावकाश रं दादा. ओढ्याच्या उताराला तिनं माझा हात धरला. मी म्हणालो, भिऊ नको, मी हाय. ती म्हणाली, हां बाबा. हात पार घरापर्यंत सोडला नाय. वाटेत विचारलं, मोटारीचं पुढं काय? मी म्हणालो, रोज एक तास चालवायची ठरलंय. ती म्हणाली, जयवंतादादाला ठेवा, तुमी शेजारी बसा, नायतर ओट्यावर बसा. बाळंत होईपर्यंत मला तुमी घरात लागता.
नदी दिवस मावळायच्या आत ओलांडली. दिवेलागणीच्या वेळेला घरी. धोंडूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभी. तिनं अंबूला ओवाळलं, आत घेतलं, कुशीत धरून बसली.
मी ओट्यावर पाय धूत होतो. आत अंबू आईला सांगत होती, बाबांना नीट घेऊन आले हं.
उलटं बोलली. प्रवासानं दमलेय पोर.