डेलबर्ट पळून गेला

मंगळवार, ७ जानेवारी
नाही, सोडणार नाही. टीम सोडणार नाही, खुर्ची सोडणार नाही आणि कॉफीतली साखरही सोडणार नाही. शेजारच्या व्हर्ना फिस्टरनं लायब्ररीत सगळ्यांदेखत विचारलं, अगं ओपल, नवऱ्याला जाऊन सात महिने झाले, आता डेलबर्टची टीम मोडायची का? म्हटलं, चालवायची. आणि तुला हरवायचं. ती फिस्सकन हसली. हसू दे. दात तरी कुठे तिचे आहेत.

नियम लिहून ठेवते, म्हणजे ओपल विसरली असं कुणी म्हणायला नको. जुन्या बेसबॉलची लीग, साल १८८१. सामने हार्लन स्टकीच्या लॅपटॉपमधे होतात, आपण नुसती टीम लावायची. ग्लोव्ह नाहीत. एक टप्पा पडून चेंडू झेलला तरी आऊट. खऱ्या बेसबॉलनं तो नियम कधीच टाकून दिला, आमच्या लीगनं नाही टाकला. आणि प्रत्येकानं टीममधे एक खेळाडू आपल्या नावाचा घालायचा. डेलबर्टनं स्वतःला घातलंय. सेकंड बेसला, धावणाऱ्यांच्या दुसऱ्या थांब्यापाशी, उभा असतो. शंभरदा बॅट धरली तर एकोणीसदा लागते, तीही चुकून. मिशा मात्र भरघोस घेतल्यात. घरी कधी वाढल्या नाहीत.

संकल्प: पहिला नंबर. लीगचा झेंडा आपल्या पोर्चवर.

मंगळवार, २१ जानेवारी
पाचातले चार जिंकले! हार्लन निकाल रेडिओवरच्यासारखा वाचतो. छत्तीस वर्षं पोस्टमन होता, दारोदार हाका मारून आवाज खणखणीत झालाय. डेलबर्टनं एक टप्पा झेलला तेव्हा मी ओरडले, शाब्बास रे म्हाताऱ्या! लायब्ररीवाल्या बाईनं बोट ओठावर ठेवलं.

व्हर्नाच्या हातचा केक खायचा नाही असं ठरवलं होतं. दोन तुकडे खाल्ले. शत्रूचा साठा कमी केलेला बरा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
दुसऱ्या नंबरवर. व्हर्ना पहिली, फक्त एका सामन्यानं पुढे.

आज पाकिटांचा दिवस. प्रत्येकानं पाच नावं लिहून, पाकीट चिकटवून हार्लनकडे द्यायचं. ती पाच माणसं कुणी पळवू शकत नाही. उरलेल्यांना कम्प्युटर वाटेल तिकडे नेतो. त्या काळी खेळाडू अशाच उड्या मारायचे म्हणे, कोण चार डॉलर जास्त देईल त्याच्याकडे.

पाकीट दिलं. बाकी लिहिण्यासारखं काही नाही. मान दुखते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
दगा!

हार्लननं यादी वाचली. कोण कुठून कुठे गेला. डेलबर्ट रोरबॉ, सेकंड बेस, गेला... आणि थांबला. चष्मा पुसला. मग म्हणाला, व्हर्नाच्या टीममधे.

चव्वेचाळीस वर्षं नांदला. मला न विचारता पलीकडच्या गावालासुद्धा गेला नाही. आणि मेल्यावर पळून गेला, तोही व्हर्नाकडे! व्हर्ना म्हणाली, काय गं, जिवंतपणी बरा सांभाळलास, आता काय झालं? सगळे खो खो हसले. मीही हसले. बाथरूममधे जाऊन नळ सोडला आणि तिथे काय केलं ते लिहीत नाही.

संकल्प: व्हर्नाशी बोलायचं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी
व्हर्नाला फोन केला. हे बोलणं नव्हे, हा सौदा. म्हटलं, माझा पिचर एमॉस टटल घे, डेलबर्ट दे. चेंडू टाकायला टटल म्हणजे लीगमधला सगळ्यात भारी हात. व्हर्ना म्हणाली, नको बाई, डेलबर्ट छान रुळलाय इकडे. रुळलाय! मांजर आहे का तो?

रविवारी चर्चमधे कुणीतरी विचारलं, कशी आहेस ओपल? तर सांगणार आहे, नवरा शेजारणीकडे राहायला गेला. तोंडं बघायला मजा येईल.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
मला सुचलं. कम्प्युटरची काय चूक? नाव टाईप करणाऱ्याची चूक! बैठकीत उभी राहिले आणि म्हटलं, हार्लन, मी पाचात डेलबर्टचं नाव दिलं होतं. तुझ्या बोटांनी घोळ केला.

हार्लननं माझ्याकडे बघितलं. त्याच्या बॅगेत पाकिटं असतात सगळी. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस, माझ्या डोळ्यांचं आत्ताच ऑपरेशन झालंय. (मागच्या वर्षी झालंय. पण आत्ताच म्हणजे किती, हे डॉक्टरनं सांगितलेलं नाही.)

हार्लन म्हणाला, असेल. टाईप करताना चुकलं असेल माझ्याकडून.

बघा! कबूल केलं. मी जिंकले.

जेवण गेलं नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी
डेलबर्ट तिकडे शंभरात पस्तीसदा मारतोय. पस्तीस! माझ्याकडे एकोणीस. काय घालते ही त्याला खायला?

मतदान झालं. अकरा वर्षं लीग चालवणाऱ्या हार्लनला काढलं. लॅपटॉप आता व्हर्नाकडे. माझा हात वर होता का? अर्धा होता. मान दुखते म्हणून पूर्ण जात नाही. व्हर्नानं मोजला पूर्ण.

नियमाप्रमाणे डेलबर्ट मात्र परत मिळाला नाही. हंगाम संपेपर्यंत कुणीच परत जात नाही म्हणे. मग कशाला काढलं त्या माणसाला?

मंगळवार, ११ मार्च
शेवटचा सामना. मी विरुद्ध व्हर्ना. जो जिंकेल त्याचा झेंडा. हार्लनची खुर्ची रिकामी. व्हर्ना वाचते ते कंटाळवाणं, किराण्याची यादी वाचल्यासारखं.

नववा, शेवटचा डाव. मी एका धावेनं मागे. तीन बेस भरलेले, दोन आऊट, तिसरा झाला की खेळ खलास. बॅटवर माझा सायरस प्रुइट, हंगामभर भरवशाचा. मनात झेंड्याला खिळा ठोकून झाला होता. प्रुइटनं हाणला. एक टप्पा. झेलला.

कुणी? व्हर्नाला सांगायलाही संकोच वाटला. मीच विचारलं. डेलबर्टनं.

कुणी हसलं नाही. व्हर्ना उठून माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, अगं, त्याला तरी काय माहीत होतं. मी म्हटलं, त्याला सगळं माहीत असतं.

शुक्रवार, १४ मार्च
हार्लन दारात आला. आत ये म्हटलं, नको म्हणाला, बूट ओले आहेत. माझं पाकीट हातात ठेवलं. म्हणाला, तुझं आहे, तूच ठेव. इतकी वर्षं लोकांची पाकिटं वाटली, कुणाचं काय ते कधी बोललो नाही. आणि गेला. व्हर्नाला खरं काय ते सांगेन असं ठरवलंय. सोमवारी. किंवा बुधवारी.

पाकीट उघडलं. आत काय आहे ते मला चांगलं ठाऊक होतं.

पाचव्या ओळीवर मी आधी डेलबर्ट लिहिलं होतं. मग खोडलं आणि प्रुइट लिहिलं. कारण मला जिंकायचं होतं, आणि डेलबर्ट शंभरात एकोणीसदाच मारायचा. खोडायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.